पिपा कोण चेपतं?

गोंदिया जिल्ह्याच्या सडक अर्जुनी तालुक्यातले कोहमारा हे गाव मुंबई-कोलकाता महामार्गावर आहे. साकोली-सौंदडकडून येऊन देवरीमार्गे छत्तीसगडात शिरणारा हा रस्ता पूर्वी राष्ट्रीय महामार्ग ६ होता, आता ५३ आहे. गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता त्याला इथेच छेदतो. ट्रक, टँकर, चहाच्या टपऱ्या आणि ढाबे असलेल्या अशा कुठल्याही चौकात तीन साध्या गोष्टी पाहायला मिळतात. दुपारी बूच घट्ट लावून गाडीत टाकलेली रिकामी प्लास्टिकची बाटली पहाटे आत दबलेली असते. गरम भात भरून बंद केलेल्या स्टीलच्या डब्याचे झाकण तासाभराने हलता हलत नाही. आणि तेलाचा पंधरा किलोचा रिकामा पिपा तळाशी पाणी उकळून वाफेने धुतला, विस्तवावरून उतरवून लगेच झाकण लावले, तर थोड्या वेळाने तो टणटण वाजत वाकडातिकडा होतो. त्याला कुणी हातही लावलेला नसतो.

या तिन्हींचे नेहमीचे उत्तर एकच असते : थंड झाले, म्हणून आकसले. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे. बाटलीला ते पुरते, डब्याला निम्म्याहून कमी पुरते आणि पिप्याला जवळजवळ पुरतच नाही. तिन्ही ठिकाणी वायूचे नियम तेच आहेत, तरी बाटलीला नुसता पोचा पडतो आणि पिप्याचा चुराडा होतो. हा फरक थंडीच्या प्रमाणाचा नाही. पिप्यातला वायू थंड होतोच, शिवाय तो वायू म्हणून उरतच नाही.

पत्रा आकसतो, पण किती?

पहिली शंका धातूबद्दल येते. पोलाद थंडीने आकसते, मग पिपा त्यामुळेच वाकत नसेल कशावरून? हिशेब करून पाहता येतो. पोलादाची लांबी एका अंशाच्या फरकाने दहा लाखांत सुमारे बारा भाग बदलते. पिपा ३५ सेंटिमीटर उंच धरला आणि तो १०० अंशांवरून २७ अंशांवर आला, तर त्याची उंची सुमारे ०.३ मिलिमीटरने घटेल. एवढ्याने पत्र्याला सुरकुतीही पडायची नाही. शिवाय झाकण न लावता तोच पिपा थंड होऊ दिला, तर त्याला काहीच होत नाही. धातू तेवढाच थंड झाला, तेवढाच आकसला, पण पिपा शाबूत राहिला. झाकण लावणे हाच दोन प्रसंगांतला फरक असेल, तर कारण पत्र्यात नाही, झाकणाने कोंडलेल्या वायूत आहे.

डब्याच्या झाकणालाही हेच लागू पडते. झाकण आणि डबा एकाच स्टीलचे असतात, त्यामुळे ते बरोबरीने आकसतात. एकाने दुसऱ्याला आवळण्याचे कारण उरत नाही. झाकणाची कड चमच्याच्या दांड्याने जरा उचलली की फुस्स असा आवाज होतो आणि झाकण लगेच निघते. बाहेरची हवा आत शिरल्याचा हा आवाज आहे. आत काहीतरी कमी पडले होते.

दोन्ही बाजूंनी धानाचा मारा

काय कमी पडले, हे कळण्यासाठी वायूचा दाब म्हणजे काय ते आधी पाहू. एक पातळ पत्रा उभा केला आहे आणि दोन्ही बाजूंनी माणसे त्यावर मूठमूठ धान सतत फेकत आहेत, असे समजा. एकेका दाण्याचा धक्का क्षुल्लक असतो. पण दाण्यांचा मारा अखंड चालला, तर पत्र्यावर एक स्थिर रेटा जाणवतो. दोन्हीकडचा मारा सारखा असेल तोवर पत्रा जागचा हलत नाही. हवेचे कण असेच प्रत्येक पृष्ठभागावर अहोरात्र आपटत असतात आणि त्या आपटण्याच्या एकूण रेट्याला आपण दाब म्हणतो. गोंदियाचा सपाट प्रदेश समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे. तिथे हा दाब दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलो वजनाइतका भरतो.

पिप्याची एक बाजू साधारण २३ सेंटिमीटर रुंद आणि ३५ सेंटिमीटर उंच असते, म्हणजे ८०५ चौरस सेंटिमीटर. तेव्हा त्या एका बाजूवर बाहेरून सुमारे ८०० किलोंचा रेटा आहे. तो आपल्याला दिसत नाही, कारण आतली हवाही तेवढ्याच जोराने बाहेर रेटत असते. रिकामा म्हटला जाणारा पिपा खरे तर रिकामा नसतो, आणि तो रिकामा नसतो म्हणूनच उभा असतो.

आता आतला मारा कमी व्हायचा, तर दोनच मार्ग आहेत. दाणे तेवढेच राहतील पण हळू फेकले जातील, किंवा वेग फारसा न बदलता दाण्यांची संख्याच घटेल. थंडी पहिला मार्ग घेते. वाफेचे पाणी होणे हा दुसरा मार्ग आहे.

नुसत्या थंडीचा हिशेब

वायूचे नियम एका दिवसात सापडले नाहीत. रॉबर्ट बॉइल याने १६६२ मध्ये दाखवून दिले की तापमान न बदलता कोंडलेल्या वायूची जागा निम्मी केली, तर दाब दुप्पट होतो. जाक शार्ल याने १७८७ च्या सुमारास तापमान आणि आकारमान यांचा संबंध पाहिला, पण तो प्रसिद्ध केला नाही. १८०२ मध्ये जोसेफ गे-ल्युसॅक याने तो सविस्तर मांडला आणि श्रेय शार्लला दिले. या सगळ्यांचा एकत्र अर्थ असा : दाब आणि आकारमान यांचा गुणाकार हा कणांची संख्या आणि तापमान यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. बंद पिप्यात आकारमान आणि कणांची संख्या बदलत नसेल, तर दाब तापमानाच्याच प्रमाणात उतरतो.

इथे एक चूक हमखास होते. ६० अंशांवरून ३० अंशांवर आलो, म्हणजे दाब निम्मा झाला, असे वाटते. पण सेल्सिअसचे शून्य हे पाणी गोठण्याच्या सोयीने ठरवलेले आहे; त्या तापमानाला हवेचे कण थांबत नाहीत. कणांच्या हालचालीचा हिशेब उणे २७३ अंशांपासून करावा लागतो, म्हणून वायूच्या नियमात प्रत्येक तापमानात २७३ मिळवतात. या केल्विन मापात ६० अंश म्हणजे ३३३ आणि ३० अंश म्हणजे ३०३. उतार निम्म्याचा नाही, जेमतेम ९ टक्क्यांचा आहे.

बाटलीचा हिशेब आता करता येतो. हिवाळ्यातल्या दुपारी बंद गाडीत ४० अंश होते, पहाटे १२ अंश झाले असे धरू. ३१३ वरून २८५, म्हणजे दाबात ९ टक्के घट. कोरडी बाटली पातळ प्लास्टिकची असल्याने ती फारसा विरोध न करता आत दबते. दबली की आतल्या हवेची जागा कमी होते, आणि बॉइलच्या नियमाप्रमाणे तिचा दाब पुन्हा वाढतो. एक लिटरच्या बाटलीचे आकारमान सुमारे ९० मिलिलिटरने घटले की आतला आणि बाहेरचा दाब बरोबरीत येतो आणि दबणे थांबते. कोरड्या हवेने भरलेला पिपा उन्हात ६० अंशांवर बंद केला आणि २७ अंशांवर आणला, तर त्याच्या बाजूवर सुमारे ८० किलोंचा जादा रेटा येईल. पातळ सपाट पत्र्याला पोचा पाडायला एवढा पुरेसा आहे. पण तोही पोच्यापाशीच थांबेल.

दाणेच नाहीसे होतात तेव्हा

गरम भाताच्या डब्यातली हवा मात्र कोरडी नसते. पाण्याच्या सान्निध्यातल्या बंद जागेत वाफेचा दाब किती असू शकतो, याला तापमानानुसार एक ठरलेली मर्यादा असते. तिला संपृक्त बाष्पदाब म्हणतात. त्या तापमानाला यापेक्षा जास्त वाफ मावत नाही, जास्तीची पाणी होऊन बसते. ही मर्यादा तापमानाबरोबर फार झपाट्याने बदलते. बाहेरच्या हवेचा दाब १०० धरला, तर ७० अंशांना वाफेचा वाटा ३२ पर्यंत जाऊ शकतो आणि २७ अंशांना तो साडेतीनच्या आसपासच राहतो.

म्हणून डब्यात ७० अंशांना झाकण लावताना ६८ भाग हवा आणि ३२ भाग वाफ असते. थंड झाल्यावर हवेचे ६८ भाग नुसत्या वेग कमी झाल्याने साडेएकोणसाठपर्यंत उतरतात. पण वाफेचे ३२ भाग साडेतीनवर येतात, कारण तिचे बहुतेक कण झाकणाच्या आतल्या बाजूला थेंब होऊन चिकटतात. आता आत एकूण ६३ उरले. कोरडी हवा असती तर घट साडेबारा टक्क्यांची झाली असती. इथे ती ३७ टक्क्यांची झाली. झाकणाचा व्यास १५ सेंटिमीटर आणि डबा खरोखर हवाबंद असेल, तर झाकणावर ६५ किलोंचा रेटा बसतो. ते बोटांनी उचलत नाही, यात नवल नाही. कुकर थंड झाल्यावर झाकण अडते तेही याच कारणाने, आणि शिटी उचलून हवा आत घेतली की ते सुटते.

पिपा या वाटेचे शेवटचे टोक आहे. त्याच्या तळाशी पाणी बराच वेळ खळखळ उकळले, की वर येणारी वाफ हवेला तोंडातून बाहेर हाकलते. झाकण लावतो त्या क्षणी आत जवळजवळ सगळी वाफच असते. पिप्यात सुमारे १८ लिटर जागा आहे, आणि तेवढ्या वाफेचे वजन जेमतेम ११ ग्रॅम भरते. थंड झाल्यावर हे सगळे साधारण दोन चहाचे चमचे पाणी होते. मागे उरलेली वाफ साडेतीन-चार टक्के दाब देते. म्हणजे ९६ टक्के आधार गेला. प्रत्येक बाजूवर आता सुमारे पावणेआठशे किलोंचा एकतर्फी रेटा आहे. वाफेचे पाणी होणे विसरून नुसत्या तापमानाचे गणित केले असते, तर ३७३ वरून ३०० म्हणजे २० टक्के घट निघाली असती. उरलेला सगळा फरक कण नाहीसे होण्याचा आहे.

पिपा मध्येच का थांबत नाही?

आकड्यांपेक्षाही महत्त्वाचा फरक यापुढे आहे. बाटली दबली तशी आतली हवा दाटली आणि तिने उलट रेटा दिला, म्हणून बाटली थांबली. वाफ असा रेटा देऊ शकत नाही. २७ अंशांना तिची मर्यादा साडेतीन टक्क्यांची आहे. पिप्याची जागा निम्मी झाली, तरी दाटण्याऐवजी तिच्यातली निम्मी वाफ पाणी होते आणि दाब तिथेच राहतो. जागा पावपट झाली, तरीही तेच. पत्रा एकदा आत वळू लागला की त्याला आतून अडवणारे कुणीच नसते. हवा दबली की प्रतिकार वाढवत नेते. वाफ दबली की माघार घेते. पोचा आणि चुराडा यांच्यातला फरक या एका गुणात आहे.

हे खरे असेल, तर त्याची एक कसोटी निघते. पाणी थोडाच वेळ उकळून, म्हणजे आत बरीच हवा राहू देऊन झाकण लावले, तर पिपा थोडा दबून थांबायला हवा. बराच वेळ उकळून लावले तर पार चेपायला हवा. तापमान दोन्हीकडे सारखेच आहे, फक्त हवा आणि वाफ यांचे प्रमाण वेगळे आहे. प्रत्यक्षात असेच घडते. नुसती थंडी हे कारण असते, तर दोन्ही पिपे सारखेच दबले असते. (हा प्रयोग करताना पिपा विस्तवावर असताना झाकण कधीही लावू नये; आत दाब वाढून तो फुटेल.)

वाफेच्या या माघारीचा उपयोग माणसाने फार पूर्वी करून घेतला. इंग्लंडात १७१२ मध्ये थॉमस न्यूकमन याने कोळशाच्या खाणीतले पाणी उपसायला जे इंजिन चालवले, त्यात वाफ दट्ट्याला ढकलत नव्हती. नळकांड्यात वाफ भरायची, तीवर गार पाण्याचा फवारा मारायचा, वाफ विरली की बाहेरची हवा दट्ट्या खाली रेटायची. पिप्याचा चुराडा करणारी शक्तीच तिथे कामाला जुंपली होती.

पोकळी ओढते, असे नाही का?

अनेकांना वाटते की आत पोकळी झाली आणि तिने पत्रा आत ओढला. बोलायला हे सोपे आहे, पण कण नसलेली जागा कशाला ओढणार? याचा पुरावा शेतातल्या मोटारीत आहे. विहिरीच्या काठावर बसवलेला पंप पाणी ‘ओढतो’ असे आपण म्हणतो. पोकळी ओढत असती, तर मोटार मोठी करत गेल्यावर पाणी कितीही खोलातून वर आले असते. तसे होत नाही. काठावरचा कोणताही पंप दहा मीटरपेक्षा खोल पाणी उचलू शकत नाही, आणि व्यवहारात तर सात मीटरच्या आसपासच दमतो. मग मोटार खाली न्यावी लागते किंवा पाण्यात बुडणारी मोटार टाकावी लागते. कारण पाणी वर ढकलणारी बाहेरची हवा आहे, आणि तिची ताकद दहा मीटर पाणी तोलण्याएवढीच आहे. या मर्यादेला पंपाच्या अश्वशक्तीशी देणेघेणे नाही. पिप्यालाही हीच मर्यादा लागू आहे : आत कितीही चांगली पोकळी केली, तरी चौरस सेंटिमीटरला एक किलोहून अधिक रेटा येणार नाही.

मग प्रत्येक भांडे का चेपत नाही?

रेटा एवढा मोठा असेल, तर काचेची बरणी, कुकर, गॅसचे सिलिंडर हे का टिकतात, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर वायूच्या नियमात सापडणार नाही. वायूचा नियम दाबाचा फरक सांगतो. भांडे तो सोसेल की नाही हे त्याचा आकार आणि जाडी ठरवतात. सपाट बाजू सहज वाकते, गोल बाजू रेटा सगळीकडे वाटून घेते. सतराव्या शतकाच्या मध्यास जर्मनीतल्या माग्देबुर्गच्या ऑटो फॉन गेरिके याने तांब्याच्या गोळ्यातून हवा उपसली, तेव्हा तो गोळा मोठा आवाज होऊन चुरगळला. पुढे अधिक नेटका गोल करवून घेतलेला गोळा टिकला. पोकळी तीच, आकार सुधारला.

नळकांड्याच्या बाबतीत जाडी आणि व्यास यांचे गुणोत्तर निर्णायक ठरते, आणि तेही घनाच्या हिशेबाने : लांब नळकांड्याचा पत्रा निम्मा केला, तर बाहेरचा दाब सोसण्याची ताकद आठव्या हिश्शावर येते. म्हणून मोठे भांडे मजबूत दिसते तेवढे असतेच असे नाही. पिप्याचा पत्रा ०.३ मिलिमीटर आणि रुंदी २३० मिलिमीटर, म्हणजे गुणोत्तर सुमारे ७७० ला १. टँकरच्या टाकीचा पत्रा ३ मिलिमीटर आणि व्यास १.८ मीटर धरला, तर ते ६०० ला १ होते. महामार्गावरून धडधडत जाणारी टाकी या मापाने पिप्याचीच थोरली बहीण ठरते. तिला तारतात तिचा गोलवा, टोकांचे फुगीर तोंड आणि आतबाहेरच्या कड्या. उलट रेल्वेच्या जाड टाक्या किती हट्टी असतात, हे अमेरिकेतल्या ‘मिथबस्टर्स’ या मालिकेने २०१६ मध्ये दाखवले. वाफेने तापवून बंद केलेली टाकी थंड केल्यावर चेपली नाही, पंपाने हवा उपसली तरी चेपली नाही. वरून काँक्रीटचा ठोकळा टाकून तिला पोचा पाडल्यावर मात्र ती क्षणात कोसळली. गोलाई बिघडली की ताकद गेली.

चौकट : तीन भांडी, तीन हिशेब

- कोरडी बाटली, ४० वरून १२ अंश : कणांचा वेग कमी. दाबात ९ टक्के घट. पोचा पडून थांबते.
- गरम भाताचा डबा, ७० वरून २७ अंश : वेगही कमी, वाफेचे कणही कमी. ३७ टक्के घट. झाकण अडते.
- वाफ भरलेला पिपा, १०० वरून २७ अंश : जवळजवळ सगळे कणच नाहीसे. ९६ टक्के घट. चुराडा होतो, मध्ये थांबत नाही.
- तिन्हींत ढकलणारी : बाहेरची हवा.

उपाय जाडीत नाही, भोकात आहे

कारण नीट ओळखले की उपायही बदलतो. ‘थंडीने आकसते’ एवढेच मानणारा माणूस भांडे हळू थंड करा किंवा जाड करा म्हणेल. हळू थंड केल्याने अखेरचा दाब बदलत नाही, फक्त तो उशिरा येतो. आणि जाडी वाढवणे महाग पडते. खरा उपाय आहे गेलेल्या कणांच्या जागी नवे कण आत येऊ देण्याचा. दुधाचा टँकर गरम पाण्याने धुतल्यावर गार पाणी मारायच्या आधी वरचे झाकण उघडे हवे, ते यासाठी. आत वाफाळलेली हवा कोंडून वरून गार पाणी सोडणे म्हणजे पिप्याचा प्रयोग टँकरवर करणे होय. गोंदिया-भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांना वाफेसाठी बॉयलर लागतो. तो बंद करून थंड होताना, आतला दाब बाहेरच्या हवेखाली जाण्याआधी, हवेचा व्हॉल्व्ह उघडावा लागतो. मोठ्या टाक्यांवर तर आतला दाब उतरताच आपोआप हवा आत घेणारी झडप बसवलेली असते.

म्हणून कुठल्याही बंद भांड्याबद्दल तीन प्रश्न क्रमाने विचारावेत. आतला वायू किती केल्विनवरून कितीवर येणार आहे? त्यातला किती भाग त्या तापमानाला द्रव होणार आहे? आणि तेवढी तूट भरायला हवेला आत यायची वाट आहे का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर क्वचितच धोक्याचे असते, दुसऱ्याचे पुष्कळदा असते. पण तिसऱ्याचे उत्तर ‘हो’ असेल, तर पहिल्या दोघांची उत्तरे काहीही असोत, पत्रा सरळ राहतो.